मरीन टँक मोडताय? ‘आधी रॉक नेतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, विकायची जाहिरात टाकली की एक गिऱ्हाईक हमखास येतं, जे घासाघीस करतच नाही. ‘सगळा लॉट घेतो. मासे, रॉक (टाकीतले सच्छिद्र दगड), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), लाइट. तुम्ही म्हणाल ती किंमत.’ टोकन लगेच येतं, तेही खरंखुरं. मग बाकीच्यांना ‘विकला गेला’ असं कळवून आपण मोकळे होतो. जाळं इथेच पडतं.

पुढचा फोन असा: ‘टेम्पो रविवारी मिळतोय. आज रॉक तेवढे नेतो, माझ्याकडे बसवून ठेवतो, म्हणजे मासे आले की टँक तयार.’ बोलणं अगदी जाणकाराचं. पण माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः याच रॉकच्या छिद्रांत असतात. चार फुटी, 250 लिटरच्या टँकमधून रॉक गेले की मासे तेवढेच, खाणं तेवढंच, आणि फिल्टर मात्र गायब. शिवाय रॉक उपसताना वाळू ढवळली जाऊन खालचा कुजका गाळ पाण्यात मिसळतो. मरीन पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3, त्यामुळे तेवढाच अमोनिया इथे जास्त विषारी ठरतो. एक-दोन दिवसांत टँग मासा वर येऊन धापा टाकायला लागतो, क्लाउनफिश कोपरा धरतात. रविवारी टेम्पो येत नाही. सोमवारी फोन येतो: ‘पैशांची जरा अडचण आहे हो, पण मासे मरायला नकोत म्हणून तसेच घेऊन जातो.’ आणि लोक देतात. डोळ्यांदेखत मासे मरताना कोणाला बघवतं?

म्हणून आधी मासे आणि श्रिंप द्यायचे, मग रॉक, नंतर पंप-स्किमर, वाळू सगळ्यात शेवटी. मासे पकडायला रॉक बाहेर काढावे लागतातच. पण ते टँकच्याच पाण्याने भरलेल्या टबात, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) लावून, आपल्याच घरात ठेवायचे. शेवटच्या माशाचे पैसे खात्यात दिसेपर्यंत तो टब कोणाला द्यायचा नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, त्यामुळे ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

बाहेरगावी पार्सल गेलं की दुसरा प्रकार सुरू होतो: मेलेल्या माशाचा फोटो आणि ‘पैसे परत करा’. पॅक करण्याआधी प्रत्येक माशाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. क्लाउनच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याची कड प्रत्येकाची थोडी वेगळी असते. नेटवरून उचललेला फोटो तिथेच पकडला जातो. पिशवीच्या गाठीवर मार्करने खूण करा आणि न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ आला तरच परतावा, हे आधीच लिहून कळवा.

अर्थात खरोखरच मासा मेला तर भांडायची वेळ येऊ नये. मोठ्या माशाला 24 तास आधीपासून उपाशी ठेवा. एका दुहेरी पिशवीत एकच मासा, एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन. आपल्या पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व), समजा 1.025, घेणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो आपल्या टबातलं पाणी तेवढ्यावर आणून ठेवेल. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगवायची, मग उघडून मासा लगेच टबात. उघडी पिशवी ठेवून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसलं, तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि प्रवासात साठलेला अमोनिया विषारी होतो.

‘शाळेच्या टँकसाठी फुकट द्या’ म्हणणाऱ्याकडून चालू टँकचा व्हिडिओ कॉल मागा, त्यातच रिफ्रॅक्टोमीटरचं (खारटपणा मोजायच्या उपकरणाचं) रीडिंगही दाखवायला सांगा. पुन्हा विकायला मासे नेणारा या दोन्ही गोष्टी टाळतो.

टणक कोरल (प्रवाळ), समुद्रघोडे, जायंट क्लॅम (मोठे शिंपले) यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते जाहिरातीत टाकले तर गिऱ्हाईक बनून आलेला माणूस तक्रारीची धमकी देऊन पैसे उकळू शकतो. टँकमध्ये असतील तर विकायचा विचार सोडा आणि आधी वनविभागाला विचारा.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) आणि सगळे चॅट हाताशी ठेवा.