‘मासरेल, सहीसह, ३७/१००’: पुस्तकाचं पान वुडकटच्या भावात

फ्रेम केलेलं वुडकट (कोरलेल्या लाकडी ठशावरून काढलेलं छापचित्र), खाली पेन्सिलीने ३७/१००, म्हणजे शंभर प्रतींतली सदतिसावी, सोबत विकणाऱ्यानेच छापलेलं प्रमाणपत्र. ऑनलाइन लिलावात अशी चित्रं नेहमी दिसतात. पैसे भरल्यावर फ्रेम उघडली की हाती येतं पुस्तकातून कापलेलं पान.

बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरेल यांचं ‘शहर’ १९२५ मध्ये आलं. त्यात मजकूर नाही, फक्त १०० वुडकट: गर्दीचे रस्ते, धुराडी, दुकानं. ‘३७/१००’ मधले १०० तिथूनच उचललेले. ती चित्रांची संख्या आहे, प्रतींची नव्हे. ‘सही’ही बहुधा ठोकळ्यातच कोरलेली एफ. एम. ही आद्याक्षरं असतात. पेन्सिलीची सही चित्राखालच्या मोकळ्या कागदावर असते आणि ती कुणीही मागाहून करू शकतो.

सगळी लबाडी माउंटखाली (फ्रेममध्ये चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दडलेली असते, कारण शिवणीची भोकं किंवा ताजा काप पानाच्या एका कडेलाच दिसतो. म्हणून चारही कडांचे आणि पाठीचे फोटो आधी मागा. पाठीवर बाजूने तिरपा उजेड टाकायला सांगा. दाबाने छापलेल्या रेषांचा उठाव बऱ्याचदा तिथे जाणवतो.

दहापट भिंगाखाली ठिपके दिसले तर विषय संपला: ती फोटोवरून यंत्राने छापलेली नक्कल आहे. पण ठिपके नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. निव्वळ काळं-पांढरं चित्र ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-मासिकं छापणाऱ्या यंत्रावर, ठिपक्यांशिवायही छापता येतं. लाकडाच्या ठशात शाई दाबली जाऊन रेषेच्या काठाशी गडद किनार धरते. ऑफसेटमध्ये ती सपाट बसते. फोटोवरून बनवलेली पॉलिमर प्लेट (उठावदार प्लास्टिकचा ठसा) मात्र किनार आणि उठाव दोन्ही देते. तिथे मापं उपयोगी पडतात: संग्रहालयाच्या नोंदीशी चित्राची लांबी-रुंदी ताडून पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक कागद ओला होऊन ताणल्यानेही पडतो, त्याहून जास्त असेल तर थांबा.

कागदावर अतिनील टॉर्च मारा. निळसर झळाळी आली तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, म्हणजे कागद १९२५ चा नाही. झळाळी नसणं हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे, जुने कोरे कागद विकत मिळतात.

जुन्या आवृत्तीचं पान ही मोलाची वस्तू आहे, ती आनंदाने घ्यावी, पण पानाच्या भावात. जर्मन चित्रकार किर्शनरच्या बर्लिनच्या रस्त्यांच्या छापचित्रांसाठी (१९१३ ते १५) तर पाठीवरच्या शिक्क्यावरही भरवसा ठेवू नका, शिक्का बनवता येतो. आणि ‘फ्रेम उघडल्यास परतावा नाही’ अशी अट असेल तर बोलीच लावू नका.