कमी कार्बनच्या सिमेंटवर पीएचडी: आयआयटीत की युरोपात?

सिव्हिल किंवा मटेरियल्समधलं एम.टेक. संपत आलं आणि कमी कार्बनच्या सिमेंटवर संशोधन करायचं ठरलं, की बहुतेक जण विद्यावेतनाचे आकडे शेजारी-शेजारी मांडून बसतात. माझा आग्रह आहे की आधी काँक्रीटचं वेळापत्रक बघा. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) 28 दिवसांत फोडता येतात. पण क्षार किती आत शिरले, कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची काँक्रीटशी होणारी अभिक्रिया) किती खोल गेलं, हे उघड्या हवेत ठेवलेल्या नमुन्यांवर बघायचं तर दोन-तीन वर्षंही अपुरी पडतात. त्यामुळे तुमच्या हातात नमुने घडवायला आणि थांबायला किती काळ उरतो, यावर प्रबंधाचा विषयच बदलतो.

आयआयटीत फेलोशिप साधारण पाच वर्षं चालते: पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. ‘पंतप्रधान रिसर्च फेलोशिप’ मिळाली तर सुरुवातच 70,000 पासून. मात्र पहिलं वर्ष बरंचसं कोर्सवर्क आणि टीएशिपमध्ये (शिकवण्यात मदत करण्यात) जातं. शिवाय मोठ्या उपकरणांसाठी नंबर लावून थांबावं लागतं, हेही धरून चला.

युरोपात पीएचडी ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात साधारण चार वर्षं, वर्षाला पन्नास हजार फ्रँकच्या वर पगार, आणि पहिल्याच वर्षी कँडिडसी परीक्षा, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवायची पात्रता ठरवणारी. घरभाडं मात्र जबर. जर्मनीत टीव्ही-एल 13 या वेतनश्रेणीत पद मिळतं, पण ते 100 टक्के आहे की 65, हे जाहिरातीत नीट वाचा. पगार त्याच प्रमाणात येतो. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेचं विद्यावेतन 2025-26 साठी 20,780 पौंड आहे. पण तिथल्या अनुदानित जागांपैकी साधारण 30 टक्क्यांपर्यंतच परदेशी विद्यार्थ्यांना मिळू शकतात, आणि परदेशी फीमधला फरक विद्यापीठ माफ करतंय का, हे आधीच लेखी विचारावं लागतं. पैशांची ओढाताण असेल तर माझ्या यादीत ब्रिटन शेवटी.

आता विषयाकडे. या क्षेत्रात भारत दुय्यम पर्याय आहे असं मला अजिबात वाटत नाही. एलसी3 हे कमी कार्बनचं सिमेंट घ्या: निम्मं क्लिंकर (चुनखडी भाजून बनणारा साध्या सिमेंटचा मुख्य घटक), 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के चुनखडी, 5 टक्के जिप्सम. क्लिंकरला 1450 अंश तापमान लागतं आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माती 700 ते 850 अंशांवर भाजते आणि तिच्यातून पाण्याची वाफ निघते. म्हणून साध्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत घटतं. हे काम ईपीएफएल, क्यूबातलं एक विद्यापीठ आणि आयआयटी दिल्ली व मद्रास यांनी मिळून उभं केलं. 2023 मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं, आयएस 18189.

उरलेले प्रश्न बरेचसे इथलेच आहेत. मातीत लोह जास्त असेल तर भाजल्यावर सिमेंटला लालसर छटा येते, आणि बांधकामवाल्यांना राखाडीच हवं असतं. भट्टीतलं वातावरण आणि थंड करण्याची पद्धत बदलून ती छटा घालवता येते, पण प्रत्येक मातीचं गणित वेगळं. सिंधुदुर्गात चिनी माती आहे, कोकणभर जांभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी, सिमेंटचे कारखाने आणि वीजकेंद्राची राख एकत्र सापडतात. एलसी3 समुद्राच्या क्षारांना चांगलं तोंड देतं, कार्बोनेशनच्या बाबतीत मात्र साध्या सिमेंटहून कमी पडतं. मुंबईच्या दमट किनाऱ्यावर हा हिशेब कसा जमतो, हे बघायला मुंबईचाच किनारा लागणार.

म्हणून स्थानिक माती, टिकाऊपणा, कारखान्यातलं उत्पादन यांत रस असेल तर आयआयटी घ्या. हायड्रेशनचं (सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेचं) रसायन, सूक्ष्मरचना किंवा थर्मोडायनॅमिक मॉडेलिंगकडे (या अभिक्रियांचं गणिती भाकीत करण्याकडे) ओढा असेल तर युरोपात जा. तिथे उपकरणं आणि ती चालवणारी माणसं हाताशी असतात. दोन्ही हवं असेल तर आयआयटी बॉम्बे आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश विद्यापीठ यांच्या संयुक्त आयआयटी बॉम्बे-मोनाश रिसर्च अकादमीचा विचार जरूर करा: दोन्ही संस्थांचे गाईड, मुक्काम मुख्यतः पवईत आणि काही काळ मेलबर्नला.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप बघून ठेवाव्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे.

गाईडला पहिला मेल लिहाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या लॅबचे आधीच उघड्यावर ठेवलेले जुने नमुने आहेत का, आणि मला त्यांवर काम करता येईल का? उत्तर ‘हो’ आलं तर टिकाऊपणावरचा प्रबंध तीन-चार वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही बसू शकतो.