गनिसचा शिल्पकार कोश : सूचीची पानं नसलेली प्रत वापरताना

पुस्तकाला पाचपैकी पाच. मला मिळालेल्या प्रतीला एकसुद्धा नाही. विक्रेत्याशी दीड महिना चाललेला वाद परवा त्याच्या बाजूने मिटला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

रूपर्ट गनिस यांचा १६६० ते १८५१ या काळातल्या ब्रिटिश शिल्पकारांचा कोश पहिल्यांदा १९५३ मध्ये आला. मी परदेशातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. वर्णनात ‘पूर्ण, चांगल्या स्थितीत’ असं स्वच्छ लिहिलं होतं. बांधणी घट्ट, पानं पिवळी पण शाबूत, कोपऱ्यांना कसर नाही. मागून उघडलं तर शिल्पकारांच्या नोंदी संपतात आणि लगेच पुठ्ठा. स्थळसूची नाही, नामसूचीही नाही. शिवणीजवळ कापल्याची सरळ रेघ दिसते, म्हणजे पानं गळलेली नाहीत, कुणीतरी ब्लेडने काढून घेतलेली आहेत. विक्रेता आधी म्हणाला, जुन्या पुस्तकांचं असंच असतं. मग म्हणाला, स्वखर्चाने परत पाठवा, पैसे देतो. तो खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त. शेवटी ‘तक्रारीची मुदत संपली’ असा दोन ओळींचा मेल आला आणि विषय बंद.

सूचीसाठी एवढा जीव का टाकायचा, असं कुणाला वाटेल. कोश लावलेला आहे शिल्पकारांच्या आडनावांनी. चर्चमध्ये उभं राहिलं की आपल्यासमोर काय असतं? भिंतीवर एक स्मारक, मृताचं नाव, मृत्यूचं साल. शिल्पकार कोण तेच शोधायचं असतं. गावाचं नाव घेऊन सूचीत शिरायचं, तिथून पानावर जायचं, हाच रस्ता. मूळ संशोधनही याच दिशेने झालेलं. गनिस (१८९९–१९६५) आधी वसाहतींच्या सेवेत होते, सायप्रसमध्ये पुरातत्त्वाचं काम केलं, आणि इंग्लंडला परतल्यावर गावोगावची पॅरिश चर्चेस पालथी घातली. भिंतीवरच्या सह्या वाचायच्या, घराण्यांच्या कागदपत्रांतली बिलं आणि हिशेब तपासायचे, टिपणं करायची. सतराशेहून अधिक शिल्पकार त्यातून उभे राहिले. त्यांतले कितीतरी जिल्ह्याच्या ठिकाणचे साधे पाथरवट होते, ज्यांची दखल तोवर कुणी घेतली नव्हती. स्थळसूची म्हणजे त्या सगळ्या वणवणीचा नकाशा. तोच कापून नेला.

मला हा कोश हवा होता मुंबईतल्या सेंट थॉमस कथीड्रलसाठी. चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडलं तेच हे, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. आतल्या भिंती लंडनहून आलेल्या संगमरवराने भरल्या आहेत, आणि त्यात धाकट्या जॉन बेकनचं (वडीलही याच नावाचे शिल्पकार) काम ठळकपणे दिसतं. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये वारले, त्यांचं स्मारक त्याचं. बनारस आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे. कॅप्टन हार्डिंजचं स्मारकही त्याचंच. हा नौदलाचा अधिकारी १८०८ मध्ये फ्रेंच जहाजाशी लढताना पडला. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याचं दुसरं स्मारक आहे, तिथला शिल्पकार मात्र चार्ल्स मॅनिंग. एकाच माणसाची दोन शहरांत दोन स्मारकं, दोन वेगळे हात, आणि कोशात दोघांच्या नोंदींमध्ये शेकडो पानांचं अंतर.

सह्या शोधायची पद्धत मी गनिसकडूनच उचलली. समोरून टॉर्च मारला तर पांढऱ्या दगडावर काही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकला की उथळ खोदलेली अक्षरं सावलीने उठून येतात. एका फलकाच्या अगदी तळाच्या कडेला मला अशी बेकनची सही सापडली, खाली लंडन. अक्षरांच्या खाचांत चुन्याचा रंग बसलेला, कारण कधीतरी भिंत रंगवताना ब्रश तिथवर आला होता. त्याच फलकाच्या सांध्याशी तांबूस डाग आहे. ही स्मारकं तुकड्यांनी पेट्यांत भरून जहाजाने यायची आणि इथे लोखंडी आकड्यांनी जोडली जायची. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला तडा देतं. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. हे डाग कुणीतरी नियमित बघायला हवेत, असं मला फार तळमळीने वाटतं.

आता मत कुठे बदललं ते. पहिले काही आठवडे मी ठरवूनच टाकलं होतं की छापील पुस्तक रद्दीत जाणार. याच कोशाची पूर्ण नव्याने केलेली आवृत्ती २००९ मध्ये निघाली, तीन हजारांहून अधिक शिल्पकारांची, आणि ती हेन्री मूर फाउंडेशनने ऑनलाइन फुकट उपलब्ध केली आहे. एवढा मोठा अभ्यास एक पैसाही न मागता खुला करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. कामांची विभागणी चर्चमधली स्मारकं, पुतळे, अर्धपुतळे अशी केलेली आहे, आणि माहिती कुठून आली तेही दिलेलं असतं. कसलीही तपासणी करायची तर आधी तिथेच जावं.

पण वाचायला मी अजून छापील प्रतच घेते. थोरला बेकन (१७४०–१७९९) वाचून पान उलटलं की धाकटा भेटतो, आणि बापाचा कारखाना मुलाने कसा पुढे नेला ते सलग कळतं. नमुन्यावरची मापं दगडावर उतरवायच्या यंत्रात बापाने सुधारणा केली होती. अशा यंत्रामुळे बरंचसं कोरीवकाम मदतनिसांच्या हातून होऊ शकतं. भारतात इतकी बेकन-स्मारकं कशी पोचली याचं उत्तर मला तिथे दिसायला लागलं. शोधपेटीत नाव टाकून नेमकं तेवढंच मिळतं, शेजारचा माणूस दिसत नाही.

तरीही सूचीचं दुःख जात नाही, आणि ते सगळ्यात जास्त बोचलं तंजावरच्या वेळी. मिशनरी श्वार्त्झ १७९८ मध्ये वारले. त्यांचं तंजावरच्या चर्चमधलं स्मारक सरफोजीराजे भोसल्यांनी जॉन फ्लॅक्समनकडून करून घेतलं. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेतलेले राजे त्यावर कोरले आहेत. एका मराठी राजाने लंडनच्या पहिल्या फळीतल्या शिल्पकाराला दिलेलं हे काम मराठीत फारसं कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच श्वार्त्झचं मद्रासच्या सेंट मेरीज चर्चमधलं स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने करवलं, धाकट्या बेकनकडून. एक नोंद ‘बी’मध्ये, दुसरी ‘एफ’मध्ये. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायचं काम माझ्या हातात असलेल्या प्रतीत कुणीच करत नाही. म्हणून मी वहीत स्वतःची स्थळसूची करायला घेतली आहे. मुंबई, मद्रास, कलकत्ता, तंजावर अशी पानं पाडली आहेत आणि ती हळूहळू भरताहेत.

कोशाच्या मर्यादा माहीत असाव्यात. १६६० च्या आधीचं काही नाही, म्हणजे निकोलस स्टोनसारखा मोठा शिल्पकार बाहेर. १८५१ नंतरचं नाही, म्हणजे मुंबईतलं बहुतेक व्हिक्टोरियन काम बाहेर. नोंदीच्या एका ओळीवरून स्मारक डोळ्यांसमोर येत नाही. लिचफिल्डच्या कथीड्रलमधल्या, शिल्पकार चँट्रीच्या झोपलेल्या दोन मुली किंवा वेस्टमिन्स्टर ॲबेमधलं शिल्पकार रूबिलियाकचं नाइटिंगेल स्मारक, जिथे दारातून बाहेर आलेला मृत्यू भाला रोखतो, ही चित्रं आपण वेगळी शोधायची. किंमतींसाठी चँट्रीची हिशेबवही छापलेली आहे, तीही सोबत असावी. मुंबईच्या टाउन हॉलमधले एल्फिन्स्टन आणि माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे चँट्रीचेच.

ज्यांना फक्त एखादी नोंद तपासायची आहे त्यांनी पैसे घालवू नयेत, ऑनलाइन आवृत्ती भरपूर आहे. सलग वाचणाऱ्यांनी जुनी प्रत जरूर घ्यावी. १९६८ ची सुधारित आवृत्ती मिळाली तर उत्तम. फक्त पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून शेवटच्या पानाचा फोटो मागवा आणि तक्रारीची मुदत किती ते लेखी घ्या. आणि कुणाकडे फाटक्या प्रतीतली सूचीची पानं तेवढी शाबूत असतील, तर झेरॉक्स आणि टपाल दोन्हींचा खर्च मी देईन.