१९६६ चा शिक्का: बाहुलीची किंमत आठ महिने शोधल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून माझी बार्बी निघाली. आत्याने ८५ साली अमेरिकेहून आणलेली. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत तेव्हा तशी बाहुली कुणाकडे नव्हती, त्यामुळे तिचा मान मोठा होता. दादाने तिचे केस एका बाजूने कापले आणि त्याबद्दल मारही खाल्ला, तो भाग वेगळा.

माझ्या मुलीने तिला उलटी केली. कमरेच्या मागे काहीतरी लिहिलेलं होतं, पण अक्षरं उठावाची आणि अंगाच्याच रंगाची, वाचता येईनात. त्यावर पावडर चोळली, वरची बोटाने पुसली, बॅटरी आडवी धरली. मग दिसलं: मॅटेल, १९६६, तैवान. मुलीने लगेच फोनवर शोधलं आणि ओरडली, "आई, दीड लाख!"

तो दीड लाख उतरवायला मला आठ महिने लागले. या काळात जे जे वापरलं त्याबद्दल लिहिते. बऱ्याच घरांत अशी एखादी पेटी असते.

पहिली गोष्ट म्हणजे तो शिक्का. १९६६ हे बाहुली बनल्याचं साल नाही. त्या धडाच्या रचनेच्या हक्काचं ते साल आहे, आणि मॅटेल या बार्बी बनवणाऱ्या कंपनीने तेच साल नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांवरही छापलं आहे. डोक्याचं साल वेगळं असतं. मान पुढे झुकवून, केस वर धरून आतल्या कडेला बॅटरी मारली तर माझ्या बाहुलीचं १९७६ दिसलं. हा दात दाखवून हसणारा 'सुपरस्टार' चेहरा, बाजारात आला १९७७ मध्ये. म्हणजे बाहुली त्याआधीची असूच शकत नाही. देशाचं नावही बोलतं: सुरुवातीच्या बार्बी जपानमध्ये बनत, तैवान नंतरचं. लाखाच्या गोष्टी चालतात त्या ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आलेल्या पहिल्या बार्बीच्या. तेव्हा ती ३ डॉलरला होती. तिच्या तळपायांना स्टँडसाठी भोकं असतात आणि भोकांत तांब्याच्या नळ्या. आमचीच्या तळपायांना भोकं नाहीत. अंगठ्याला दातांचे वळ आहेत, ते बहुधा माझे.

आता साधनं. फोनच्या कॅमेऱ्याने वस्तू ओळखायची सोय मी पहिल्यांदा वापरली. नुसत्या बाहुलीचा फोटो दिला की दर वेळी वेगळं नाव यायचं, कारण तोच चेहरा कंपनीने कित्येक बाहुल्यांना लावला. पेटीच्या तळाशी तिचा झगा सापडला, चमचमती चोळी आणि पीच रंगाचा झिरझिरीत घेर. त्याचा फोटो दिल्यावर मात्र एका फटक्यात नाव आलं: 'पीचेस अँड क्रीम', १९८४-८५. तेव्हा बाहुली नको, कपडे ओळखायला द्या. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण.

इतवारीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली. दुकानदाराने हातातही घेतली नाही. "ताई, पितळ आणा, घड्याळ आणा. हे प्लास्टिक कोण घेऊन राहिलं?" मी हटले नाही तर म्हणाला, "दोनशे देतो, नातीला खेळायला होईल." त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, सगळ्यांत खरा आकडा त्याच माणसाने सांगितला.

पैसे घेऊन किंमत सांगणाऱ्या एका परदेशी साइटला मी अडीच हजार रुपये दिले. नाव सांगत नाही. नऊ दिवसांनी दोन पानं आली, त्यात १५० डॉलर. आनंदाने यांना दाखवलं. यांनी चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचली, "विम्यासाठीची किंमत." म्हणजे हरवली तर तशीच दुसरी, चांगल्या अवस्थेतली, दुकानातून आणायला लागतील तेवढे पैसे. बाजारात विकायला गेलात तर मिळतील ते नव्हे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण मी विचारलं होतं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याचं. आणि माझ्या बाहुलीचे अर्धे केस कापलेले आहेत हे मी कळवूनही त्या दोन पानांत त्याचा उल्लेख नव्हता. पाचपैकी शून्य.

टिकलं ते एकच, ईबे या खरेदी-विक्रीच्या अमेरिकी साइटवरची विकलेल्या वस्तूंची यादी. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं, पण अमेरिकेची साइट इथून उघडते. शोधल्यावर गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, 'सोल्ड आयटम्स'वर खूण करायची. मग मागितलेल्या किमती जातात आणि ज्या किमतीला माल खरंच गेला त्या उरतात. मुलीचा दीड लाख हा कुणीतरी मागितलेला आकडा होता. मागायला काय जातं? बुधवार बाजारात भाजीवाली पहिला भाव सांगते तसाच तो.

ही यादी मागच्या ९० दिवसांचीच दिसते, म्हणून मी दर रविवारी आकडे वहीत उतरवायला लागले. किमतीवर रेघ मारलेली दिसली तर समजायचं की घासाघीस होऊन कमीला गेली. किती कमीला, ते तिथे दिसत नाही. विक्रेत्याचं खातं काढलं तर टेरापीक नावाचं साधन मिळतं, त्यात तीन वर्षांपर्यंतचं मागचं निघतं. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, तोवर अर्धी वही भरली होती. नुसती, कपड्यांविना पीचेस माझ्या वहीत ८ ते १५ डॉलरला गेली आहे. झगा, बूट, कानातलं, शाल असं सगळं असेल तर ३० ते ४५. न उघडलेल्या खोक्यातली त्याच्याही पुढे. खोकं आत्याने बॅगेत जागा नाही म्हणून तिकडेच टाकून दिलं होतं. डाकखर्च वेगळा. जीपीओत जाऊन विचारलं, तर अमेरिकेला पार्सल पाठवायला बाहुलीच्या किमतीहून जास्त लागत होतं.

एक जोडगोष्ट कळली. बाहेरच्या काही संग्राहकांना भारतात बनलेल्या, 'लिओ मॅटेल'च्या खोक्यातल्या बार्बीचं जास्त अप्रूप आहे. तेव्हा आम्ही त्यांना इथलीच म्हणून नाक मुरडायचो.

या आठ महिन्यांत किंमत वाढवण्याच्या नादात मी ती कमी करून ठेवली, तेही सांगायला हवं. पायावर बॉलपेनची रेघ होती. कुणीतरी सुचवलं की मुरमांचं मलम, बेंझॉइल पेरॉक्साइडचं, लावून उन्हात ठेव. उपाय खरा आहे, संग्राहक वापरतात. पण तो सांगणाऱ्यांचं ऊन वेगळं आणि आमचं एप्रिलमधलं नागपूरचं ऊन वेगळं. सकाळी गच्चीवर ठेवली आणि स्वयंपाकात विसरले. रेघ गेली, सोबत तिथला रंगही गेला. आता गुडघ्याखाली कोड असल्यासारखा पांढरा डाग आहे.

पाय चिकट झाले होते ते मात्र माझं पाप नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं, आणि उष्णतेने ते लवकर होतं. आमचा माळा पत्र्याखाली, मे महिन्यात तिथे हात लावायची सोय नसते. त्यातून आईने तिला प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेलं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, नीट वाळवून वर कॉर्नफ्लॉरचा हलका हात, एवढ्याने बरंच निभावतं. आता ती जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून खालच्या कपाटात असते.

गेल्या महिन्यात मी ती ईबेवर विकायला ठेवली, १२ डॉलरला. गिऱ्हाईक आलं नाही, प्रश्न एक आला. ओहायोच्या एका बाईंना बाहुली नको होती, तिच्या झग्यासोबतची पीच रंगाची लांब शाल हवी होती. बाहुल्या मुबलक मिळतात, शाली हरवलेल्या असतात, म्हणून नुसत्या शालीचे १५ डॉलर द्यायला त्या तयार होत्या.

पेटी पुन्हा उपसली, शाल नाही. मग आईकडे महाल भागात गेले होते तेव्हा देवघरासमोर बसल्या बसल्या लक्ष गेलं. बाळकृष्णाच्या खांद्यावर पीच रंगाचं चमचमतं उपरणं, कडेला चुण्या. किती वर्षांपासून आहे विचारलं तर आई म्हणाली, "तू खेळायचं सोडलं तेव्हापासून. का गं?"

मी काही नाही म्हटलं. ओहायोच्या बाईंना अजून उत्तर पाठवायचं आहे.