नर्सिंग शिष्यवृत्तीच्या नावाखाली आलेला धनादेश

अमेरिकेत ‘नर्स कोअर’ नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई असलेल्या ठिकाणच्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात शिक्षणानंतर किमान २ वर्षे पूर्णवेळ काम करण्याचा करार करणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तिच्यातून शुल्क, इतर शैक्षणिक खर्च आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. योजना खरी आहे, आणि तिच्या या खरेपणाच्या आडूनच एका ‘मार्गदर्शन केंद्रा’ने न्यू जर्सीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला लुबाडले.

ती विद्यार्थी व्हिसावर आहे. ही शिष्यवृत्ती केवळ अमेरिकी नागरिक, तेथील राष्ट्रीयत्व असलेले आणि ग्रीनकार्डधारक यांच्यासाठीच आहे; मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात, असे केंद्राने तिला ठामपणे सांगितले. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना बंधपत्रित सेवा करावी लागते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असल्यामुळे ‘सेवेच्या बदल्यात शिक्षण’ ही कल्पना घरात कुणालाच खटकली नाही. अर्जासाठी म्हणून तिच्याकडून ६०० डॉलर घेतले गेले. प्रत्यक्षात हा अर्ज विनामूल्य असून उमेदवाराला तो सरकारी संकेतस्थळावर स्वतःच भरता येतो.

खरा फटका पुढे बसला. राजमुद्रेसारखे चिन्ह असलेले मंजुरीपत्र आणि त्यापाठोपाठ भत्त्याच्या ठरलेल्या रकमेपेक्षा बराच मोठा धनादेश आला. ‘हिशेबात चूक झाली आहे, वरची रक्कम झेलवरून आजच परत करा, नाहीतर मंजुरी रद्द होईल,’ असा फोन आला. झेल म्हणजे तेथील बँक खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात लगेच पैसे पाठवण्याची सेवा. खात्यात पैसे दिसत होते, म्हणून तिने ते पाठवले. तेथील बँकांना धनादेशाची रक्कम नियमानुसार थोड्याच दिवसांत खातेदाराला वापरायला द्यावी लागते, परंतु तो बनावट असल्याचे उघड व्हायला त्यानंतर कित्येक आठवडे लागू शकतात. हा सारा खेळ त्या मधल्या काळावरच चालतो. धनादेश न वटता परत आला, बँकेने संपूर्ण रक्कम तिच्या खात्यातून वळती केली आणि झेलने गेलेले पैसे तिने स्वतःच पाठवले असल्याचे सांगून भरपाई नाकारली.

ज्यांच्याकडे ग्रीनकार्ड आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खऱ्या योजनेतही सेवा अर्धवट सोडल्यास मिळालेली रक्कम व्याजासह ३ वर्षांत फेडावी लागते, त्यामुळे करार न वाचता दलालामार्फत सही करणे तेथेही धोक्याचेच आहे. महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कक्षात हे सारे फुकट समजावून सांगतात. भाचीला तेथे जाऊ न देण्याची खबरदारी मात्र केंद्राने ‘गोपनीयते’चे कारण सांगून घेतली होती, आणि माझ्या मते सर्वांत आधी संशय यायला हवा होता तो तेथेच.

ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या अमेरिकी सरकारी संस्थेकडे आणि बँकेकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत, आणि त्याच मजकुराची जाहिरात आता दुसऱ्या नावाने विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे.