पुस्तक वाचावं की कानानं ऐकावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस भागात वाचणारी माणसं कमी नाहीत, निवांत वेळ कमी आहे. त्यामुळे कोणी ना कोणी विचारतंच, की ऑडिओबुकचं ॲप घ्यावं की आपलं छापील पुस्तकच बरं. गेल्या रब्बीपासून मी दोन्ही करून पाहतोय. मी समीक्षक नाही, शेती सांभाळून जमेल तेवढं वाचणारा माणूस आहे. वर्गणी किती, फोन कोणता लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात शिरत नाही.

ऑडिओची खरी जागा म्हणजे रात्रीचं ओलित. कृषिपंपाची थ्री फेज लाइन पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जावंच लागतं. स्प्रिंकलरचे पाइप एकदा जोडले की पुढचा पट्टा बदलेपर्यंत हाताला काम नसतं आणि झोपताही येत नाही. पाय चिखलात, बोटं गारठलेली, तिथं पुस्तक कोण उघडणार? घरून डाउनलोड करून नेलेली कादंबरी अशा वेळी फार सोबत करते, हे मी मनापासून सांगतो. जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखायला बसल्यावर, मात्र कानात काही घालू नका. डुकरांचा कळप वावरात शिरला की तो आधी आवाजावरूनच कळतो.

आमच्या बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच उरत नाही, ऐकणं हेच त्यांचं वाचन.

मग माझं मन कुठे मोडलं ते सांगतो. विदर्भातल्या एका शेतकरी कुटुंबाची कादंबरी मी ऐकायला घेतली. वाचणाऱ्याचा आवाज कसलेला, उच्चार स्वच्छ. निवेदन चालू होतं तोवर काही खटकलं नाही. पण गोष्टीतली माणसं बोलायला लागली आणि सगळं बिघडलं. लिहिलेलं वऱ्हाडी, सूर मात्र नाटकातल्या खेडुताचा. आमच्याकडे बाप पोरावर रागावला की आवाज चढवतोच असं नाही. ‘काहून बे, आज वावरात नाई गेला?’ एवढंच तो सपाट आवाजात विचारतो आणि पोराला मान वर करता येत नाही. ऐकताना याच वळणाचं वाक्य हेल काढून, गमतीचं होऊन आलं. प्रसंग दुबार पेरणीचा होता. घरात बियाण्याला पैसा नव्हता, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की आता कोणीतरी खो-खो हसणार.

त्यानंतर गोष्टीवरून माझं लक्ष उडालं. पुढचा सूर कुठे चुकतो, याचीच वाट पाहत राहिलो. बायका बोलल्या की तर ऐकवेना, कारण त्यांच्या तोंडी आलेली तक्रार कुरबुरीसारखी वाटत होती. आमच्या आया-काकवा मोठं दुःखही चुलीपुढे बसून, काम करता करता, बाजारहाट सांगावा तसं सांगतात. त्या संथपणातच त्याचा भार असतो. तो गेला की कादंबरीत उरतं काय? यात वाचणाऱ्याचा दोष असेलच असं मी म्हणत नाही. त्यानं ही बोली मालिकांतूनच ऐकली असेल. माझा कान याबाबतीत हळवा आहे हेही खरं, आणि कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाला कदाचित काही जाणवणारही नाही. पण मी इथला आहे, आणि ते पुस्तकही इथलंच होतं.

त्याच सुमारास ‘बारोमास’ पुन्हा हाती घेतली. सदानंद देशमुख बुलडाणा जिल्ह्यातले, आणि या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. तिचा नायक एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, शेती पुरत नाही आणि घरात रोज कुठून तरी ठिणगी पडते. बुलडाण्याची बोली आमच्या यवतमाळच्या बोलीहून थोडी वेगळी पडते. तरी कागदावर तिला सूर लावणारा मीच होतो, त्यामुळे सगळी भांडणं मला आमच्या गल्लीतल्या आवाजांत ऐकू आली. काही पानांवर पुढे जाववेना. तिथं पुस्तक मांडीवर उपडं ठेवून बसलो, ढोरांना पाणी दाखवून आलो आणि मग पुन्हा उघडलं. ऑडिओही थांबवता येतो, नाही असं नाही. पण खिशातून फोन काढेपर्यंत आवाज पुढच्या प्रसंगात गेलेला असतो.

दुसरा अनुभव मारुती चितमपल्लींचा. 18 जून 2025 ला ते गेले, त्यानंतर त्यांचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ वाचनालयातून आणलं. माणूस सोलापूरचा, पण वनखात्याच्या नोकरीतली त्यांची कितीतरी वर्षं आपल्या नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात गेली. त्यांच्या लिहिण्यात झाडांची, पाखरांची नावं सारखी येतात, आणि त्यातलं बरंच ज्ञान त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून घेतलेलं आहे. असं नाव नुसतं कानावर पडलं तर निसटून जातं. कागदावर त्याच्यावर बोट ठेवून थांबता येतं, वहीत उतरवता येतं आणि सकाळी ढोरं घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या आजोबांना विचारता येतं, की हे पाखरू आपल्या शिवारात दिसते का. माझं ते पुस्तक वाचणं निम्मं अशा विचारपुशीतच झालं.

एका ठिकाणी मात्र कागद मागे पडतो, आणि तेही सांगायला हवं. गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत बांद्र्याला केलेलं. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. त्यांचं कीर्तन मी आधी छापलेलं वाचलं होतं, तेव्हा प्रश्न आणि उत्तरं ओळीखाली ओळ दिसली होती. ऐकल्यावर कळलं, की ते समोरच्या माणसांच्या तोंडून उत्तर वदवून घेतात आणि त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न टाकतात. तो आवाज अमरावतीकडचा, आपला. त्यात नाटकी काही नाही. हे कोणत्याही पानावर येणार नाही. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचंही तसंच. 41 अध्यायांचा तो ओवीग्रंथ गावातल्या माणसांनी मिळून म्हणावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, तेव्हाच तो अंगात भिनतो.

म्हणजे ऐकण्याशी माझं वैर नाही. रात्रीचं ओलित असेल, रोज एसटीनं किंवा गाडीनं तालुक्याला जाणं-येणं असेल, आणि चरित्र, इतिहास किंवा रहस्यकथा ऐकायची असेल, तर ऑडिओ खुशाल घ्या. त्यात बोलीचा प्रश्न फारसा येत नाही. मीही ते बंद केलेलं नाही. पण आपल्या मातीतली कादंबरी असेल, तर माझं ऐका आणि छापील प्रत मिळवा. गावच्या वाचनालयात नवं पुस्तक उशिरा पोचतं हे खरं, तरी तालुक्याच्या वाचनालयात अनामत भरली की बरीच मिळतात. ग्रंथपालाला आधी सांगून ठेवलं तर तो बाजूला काढूनही ठेवतो.

ॲप घ्यायचंच ठरलं, तर पैसे भरण्याआधी फुकटचा नमुना ऐकून घ्या, आणि त्यात माणसं एकमेकांशी बोलतात तो भाग शोधा. निवेदनावरून काही कळत नाही. आणि ‘बारोमास’पासून सुरुवात करणार असाल, तर पेरणीच्या धांदलीत ती उघडू नका. सोयाबीन घरात आलं की घ्या, कारण मध्येच सोडून देण्यासारखी ती नाही.