डेल्फर: डच वर्तमानपत्रांच्या संग्रहात कॉरी तेन्देलो शोधताना

मार्च जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांत आणि महिला मंडळांत परदेशी स्त्रीवादी नेत्यांवर भाषणं, प्रकल्प, लेख सुरू होतात. बहुतेकांचा आधार एकच छोटं चरित्र असतं, तेही दुसऱ्या कुणीतरी आधीच उतरवून घेतलेलं. नेदरलँड्सबद्दल लिहिताना एवढ्यावर भागवण्याची काही गरज नाही. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डेल्फर हा ऑनलाइन संग्रह फुकट आहे, वाचायला खातंही उघडावं लागत नाही. १६१८ पासून १९९५ पर्यंतची वर्तमानपत्रं, पुस्तकं, मासिकं आणि रेडिओ बातम्यांचे टंकलिखित कागद त्यात आहेत. मजकूर सगळा डचमध्ये, हा मोठा अडथळा. तरीही तो ओलांडावा, कारण पलीकडे जे मिळतं ते तयार चरित्रात कधीच नसतं.

सुरुवात मात्र डेल्फरपासून करू नका. तारखा हाताशी नसतील तर समोर हजारो पानं येतात आणि माणूस तासाभरात कंटाळतो. आधी डच संसद सदस्यांची माहिती देणाऱ्या पार्लेमेंट डॉट कॉमवरचं (इंग्रजी अक्षरं पी-ए-आर-एल-ई-एम-ई-एन-टी) चरित्र वाचा आणि वर्षांचा एक कागद तयार करा. विवाहित स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या डच खासदार कॉरी तेन्देलो यांच्यापुरता तो असा होईल: १८९७ मध्ये तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमधल्या सुमात्रा बेटावर जन्म, उत्रेख्तला कायद्याचं शिक्षण, वकिली, महायुद्धानंतर मजूर पक्षातर्फे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, १८ ऑक्टोबर १९५६ रोजी निधन. मधल्या दोन तारखांखाली लाल रेघ मारा: २२ सप्टेंबर १९५५ आणि १४ जून १९५६.

आता शोध. वर्तमानपत्रांचा विभाग निवडा. आडनावाची इंग्रजी अक्षरं टी-ई-एन-डी-ई-एल-ओ-ओ. शेवटचे दोन ओ विसरले की शोध फसतो. नुसतं आडनाव टाकलं तर त्याच आडनावाची इतर माणसंही येतात, म्हणून डावीकडच्या गाळणीत कालावधी १९५५ करा आणि प्रकारात फक्त लेख ठेवा, नाहीतर जाहिराती आणि लग्न-मृत्यूच्या नोटिसाही यादीत घुसतात. क्रम तारखेनुसार लावा. पहिल्याच फेरीत अवतरणचिन्हांत पूर्ण नाव टाकू नका, कारण त्या काळची पत्रं त्यांचं पहिलं नाव क्वचितच छापतात. आडनावाआधी अविवाहित स्त्रीसाठीचं आणि कायद्याच्या पदवीचं अशी दोन संक्षिप्त रूपं येतात. पदवीचं रूप एम-आर असं असल्यामुळे यांत्रिक भाषांतर त्याचं ‘मिस्टर’ करतं आणि बाई वाक्याच्या मधेच पुरुष होतात. प्रकल्पात ही चूक राहिली तर तपासणाऱ्याचा सगळ्याच मजकुरावरचा विश्वास उडतो.

१९५५ च्या सप्टेंबरात काय घडलं होतं? १९२४ पासून तिथे नियम होता की सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की तिला कामावरून काढायचं. तेन्देलोंच्या ठरावाचा गाभा असा: विवाहित स्त्रीच्या कामावर बंदी घालणं हे सरकारचं काम नाही, तेव्हा अशा बंद्या उठवा. ठराव ४६ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झाला. एक सदस्य जरी त्या बाजूला गेला असता तरी बरोबरी झाली असती!

डेल्फरची खरी किंमत इथे कळते. गाळणीत २२ ते २४ सप्टेंबर एवढीच मुदत ठेवा आणि चार पत्रं शेजारी शेजारी उघडा: मजूर पक्षाच्या जवळचं ‘हेत फ्राये फोल्क’, कॅथलिक ‘दे तैद’, प्रोटेस्टंट ‘त्राउ’ आणि कम्युनिस्ट ‘दे वारहैद’. मथळा कुणी कसा दिला, बातमी कितव्या पानावर टाकली, विरोधकांच्या बोलण्याला किती जागा दिली, हे ताडून पाहा. भाषणासाठी एवढं एक काम नीट केलं तरी पुष्कळ झालं.

दोष आहेत, आणि ते ठाऊक असलेले बरे. पानांवरचा मजकूर यंत्राने वाचलेला आहे. फिकट शाई, दुमडलेला कागद, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द, शेजारच्या स्तंभात घुसलेली ओळ, या सगळ्यांमुळे अक्षरं चुकतात. म्हणून ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘छापलंच नव्हतं’ असा घेऊ नये. नावाच्या अर्ध्या भागापुढे तारांकन लावून पुन्हा शोधा, तेही जमलं नाही तर त्या तारखेचा अंक उघडून पानं चाळा. भाषांतरासाठी मजकूर चिकटवण्याआधी तो मूळ पानाच्या चित्राशी ताडून पाहा आणि तुटलेले शब्द हाताने जोडा. डचमधून थेट मराठीत जाण्यापेक्षा आधी इंग्रजी करून घेतलेलं जास्त समजतं. महायुद्धाआधीचं शोधत असाल तर जुनी वर्णरचनाही टाकून बघा, ती १९४७ मध्ये बदलली.

मोबाइलवर पूर्ण पान उघडण्यात अर्थ नाही, बारीक टाइप वाचवत नाही. झेरॉक्सच्या दुकानात अख्खं पान ए-फोरवर काढलं तर निव्वळ राखाडी ठसा मिळतो. फक्त लेखाचा भाग कापून उतरवा, किंवा ए-थ्री सांगा. टिपणात पत्राचं नाव, तारीख आणि पान लिहा, आणि दुवा घेताना वरच्या पट्टीतला न घेता त्यांनीच दिलेला कायमचा दुवा घ्या.

दुसरी तारीख, १४ जून १९५६, हिच्याबद्दल सावध राहा. त्या दिवशीच्या कायद्याने विवाहित स्त्रीची कायदेशीर असमर्थता संपली. १ जानेवारी १९५७ पासून बँकेत खातं उघडायला किंवा करारावर सही करायला नवऱ्याची परवानगी लागेनाशी झाली. पण नवरा ‘कुटुंबप्रमुख’ हे कलम १९७० पर्यंत टिकलं. छोट्या चरित्रांत हे गाळलं जातं आणि १९५६ मध्येच सगळी समानता आली असं वाटतं. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ चा, म्हणजे तीनच दिवसांनंतरचा, आणि बेळगाव तेव्हा अजून मुंबई राज्यात होतं. आपल्या भागातल्या श्रोत्यांना काळ समजवायला हा धागा कामी येतो.

सभागृहात कोण काय बोललं ते शब्दशः हवं असेल तर डेल्फर अपुरा आहे, बातमीत भाषणाचा सारांशच येतो. त्यासाठी डच सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर १८१४ ते १९९५ पर्यंतची संसदीय कागदपत्रं वेगळी ठेवली आहेत, तीही फुकट. १९५५ च्या सप्टेंबरातल्या कामकाजात ठरावाचा पूर्ण मजकूर आणि मतदानाची नावं पाहा, मग वर्तमानपत्रांकडे परत या.